तिसऱ्या टेबलावरचा निळा पाईप

१

सोमवारी सकाळी कॉम्प्रेसर सुरू झाला, लाइनीत हवा भरली आणि तिसऱ्या टेबलावरचा पाईप फुटला. फुटला म्हणजे नुसता तडकला नाही. दिवाळीतला सुतळी बॉम्ब घरात वाजावा तसा आवाज झाला आणि वीत-वीत लांबीच्या धारदार चिपा चहूकडे उडाल्या. टेबलाशी रिव्हेट मारायला उभ्या असलेल्या झुंबर नावाच्या कामगाराच्या उजव्या डोळ्यात त्यातली एक घुसली. बाकीचे ओरखड्यांवर सुटले. झुंबरचा डोळा गेला.

सिल्वासाहून रांध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा कारखाना. इथे लोखंडी कपाटं आणि लॉकर बनतात, आणि रिव्हेटपासून रंगाच्या फवाऱ्यापर्यंत बहुतेक कामं दाबाच्या हवेवर चालतात. म्हणून भिंतीभर हवेचे पाईप फिरवलेले, सगळे आकाशी निळे. झुंबरला गाडीत घालून पाठवल्यावर कोणीतरी जमिनीवरची एक चीप उचलली. ती बाहेरून निळी होती आणि आतून पांढरी.

खरं तर त्या कारखान्यातली हवेची लाइन ॲल्युमिनियमची. कारखान्याची मालकीण तन्वी राजाध्यक्ष हिने ती हौसेने निवडली होती. लोखंडी पाईप आतून गंजतो आणि तो गंज रंगाच्या फवाऱ्यात उतरतो. तांब्याचा चांगला, पण परवडत नाही. प्लास्टिकचा हवेसाठी वापरायचाच नाही, असं तिला जाणकारांनी बजावलं होतं. आणि आता तिच्याच छपराखाली, निळा रंग फासून, प्लास्टिकचा पाईप टांगलेला निघाला.

मॅनेजर उदय कर्णिक यांनी दुपारपर्यंत छडाही लावला. पावसाळ्याच्या शेवटी तिसरं टेबल नव्याने मांडलं, तेव्हा तिथवर लाइन वाढवली होती. तिथे ॲल्युमिनियमच घातलं होतं, असं ते म्हणाले. कोणीतरी ते काढून विकलं, जागी प्लास्टिक चढवलं आणि दिसू नये म्हणून रंगवलं. असं करू शकणारा माणूस एकच, देखभालीचा फिटर सुकदेव.

सुकदेवला विचारलं. तो म्हणाला, "हो, मीच."

२

चोर कोण, याच्याशी विमा कंपनीला देणंघेणं नव्हतं. पाईप का फुटला आणि त्याला जबाबदार कोण, हे तिसऱ्या माणसाने लिहून द्यावं, एवढीच तिची अट होती. म्हणून गुरुवारी नलिनी सोनजे कारखान्यात आली. नलिनी मूळची नाशिकची. पन्नाशी उलटलेली, केस आखूड, आवाज कोरडा. सिल्वासा-दादऱ्याच्या कारखान्यांत अपघात झाला की लोक आधी डॉक्टरला बोलावत आणि मग हिला. आपल्याला पाहून कोणाचा चेहरा खुलत नाही, हे तिने केव्हाच स्वीकारलं होतं.

तन्वीने तिच्यापुढे सगळं मांडलं. ती मुंबईला राहणारी, महिन्यातून दोनदा इकडे येणारी. वय तिशीचं आणि झोप उडालेली. पोलिसांत द्यायची तक्रार तयार होती. चोरी आणि त्यातून माणसाला इजा. शनिवारी मुंबईला निघताना ती सही करून देणार होती. मग सुकदेवची रवानगी तुरुंगात होणार, यात कोणाला शंका नव्हती.

"कबुली दिलीय त्यानं," तन्वी म्हणाली. "तुम्ही फक्त फुटण्याचं कारण लिहून द्या."

नलिनीने मान हलवली. तिला कबुल्यांचं वावडं नव्हतं, पण पहिल्याच प्रश्नाला मिळालेली कबुली तिला पचत नसे. माणूस चोरीची कबुली देतो तीही घासाघीस करूनच.

उदय कर्णिक यांनी तिला चहा पाजला. हा पुण्याचा गृहस्थ बोलायला मोठा गोड, शर्टाची इस्त्री संध्याकाळपर्यंत टिकवणारा. सुकदेवबद्दल बोलतानाही त्यांचा सूर हळहळीचाच होता. माणूस कामाचा होता हो, म्हणाले, पण मोह कोणाला सुटलाय. नलिनीने त्यांना पुन्हा एकदा विचारून घेतलं, की टेबल मांडलं तेव्हाच तिथे ॲल्युमिनियम लागलं होतं ना? टेबल मांडलं तेव्हाच, ते म्हणाले. स्वतः उभं राहून लावून घेतलं होतं.

सामानाच्या खोलीचा हिशेब बघणारा गौरव तिला बघताच घामाघूम झाला. प्लास्टिकचा पाईप कुठून आला, हे विचारायच्या आधीच त्याने हात झटकले. कामगारांसाठी नवा संडास बांधला त्याच्या पाण्याचे पाईप उरले होते, ते मागच्या भिंतीशी उन्हात पडलेले असत, ज्याला हवा तो उचलून नेई. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हा माणूस घाबरायचं थांबेना. नलिनीने त्याला मनातल्या मनात संशयितांत बसवून ठेवलं आणि सुकदेवकडे वळली.

सुकदेव धुळ्याकडचा, चाळिशीचा, खांद्याने रुंद. गेटजवळच्या बाकावर बसून होता. कामावरून काढलेला माणूस घरी जातो; हा रोज येऊन बसत होता.

"मीच काढला ताई," तो म्हणाला. "ॲल्युमिनियमचा इकून टाकला अन् त्याच्या जागी प्लास्टिकचा चढवला. काय लिवायचं ते लिवा, सही मारतो."

कोणाला विकला, तर भंगारवाल्याला. कोणत्या, तर एका फिरत्या. कधी, तर दिवाळीनंतर. उत्तरं पाठ केल्यासारखी येत होती आणि देताना तो तिच्या चपलांकडे बघत होता. नलिनी त्याला तिसऱ्या टेबलापाशी घेऊन गेली आणि वर बघायला सांगितलं.

लाइन भिंतीवरून माणसाच्या डोक्याच्या वर हातभर उंचीने गेलेली. प्रत्येक टेबलाला तिच्यातून एक फाटा काढलेला. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या, अशा सगळ्या टेबलांचे फाटे मुख्य पाईपाच्या पाठीतून वर निघून, छत्रीच्या मुठीसारखे वळून मग खाली उतरत होते. फुटलेल्या लाइनीचा भिंतीवर उरलेला तुकडा मात्र पाईपाच्या पोटातून सरळ खाली आला होता.

"बाकीचे फाटे कोणी काढले?"

"मी."

"वरून का काढता?"

"हवेत पाणी र्‍हातं ना ताई. ते पाईपाच्या तळाला बसतं. खालून फाटा काढला तर सगळं पाणी हत्यारात उतरतं." हे सांगताना त्याने पहिल्यांदा मान वर केली होती.

"मग हा एकटाच खालून का?"

सुकदेवने नजर पुन्हा तिच्या चपलांकडे वळवली. मग म्हणाला, घाई होती. नलिनीला तेव्हाच कळून चुकलं, की हा पाईप याने लावलेला नाही.

३

आता न केलेला गुन्हा माणूस स्वतःच्या अंगावर का घेतो? धाकामुळे, नाहीतर मायेपोटी. नलिनीने दोन्ही शक्यता बाजूला ठेवल्या आणि शिडी मागवली. माणसं शब्द फिरवतात, भिंती फिरवत नाहीत, म्हणून ती आधी भिंत बघत असे.

शिडीवर चढून तिने जे पाहिलं ते असं. प्लास्टिकच्या पाईपाचा निळा रंग फक्त समोरच्या अंगाला होता. भिंतीकडची बाजू कोरी, पांढरी. रंगाचे ओघळ पाईप धरणाऱ्या पट्ट्यांवरही आले होते. आणि पाईपामागे भिंतीचा एक उभट पट्टा जुन्या, मळक्या चुन्याचा राहिला होता. आजूबाजूची भिंत नव्याने रंगवलेली.

लपवायला रंगवणारा माणूस पाईप खाली ठेवून चारी अंगांनी रंगवतो आणि मग चढवतो. हा पाईप भिंतीवर असतानाच रंगवला गेला होता, आणि भिंतही त्याच सुमारास.

तिने खाली उतरून एकाला विचारलं, भिंती कधी रंगवल्या? तो हसला. दरसालच्या रिवाजाप्रमाणे, म्हणाला. दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, त्याआधी रंगारी येतात, भिंतींना चुना, यंत्रांना हिरवा, हवेच्या पाईपांना निळा. जे दिसेल त्याला रंग फासतात. मागच्या वर्षी उभी सायकलही रंगवली होती.

म्हणजे प्लास्टिक दसऱ्याआधीच भिंतीवर होतं. सुकदेव म्हणत होता दिवाळीनंतर. आणि रंगात लपवाछपवी कसलीच नव्हती. रंगाऱ्याच्या ब्रशाला काय दिसतं आणि काय नाही, एवढाच तो मामला होता.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ॲल्युमिनियमचा पाईप ज्या पकडींनी बसवतात त्यांना एकच जाड स्क्रू लागतो. प्लास्टिकच्या पट्टीला दोन बारीक. सगळ्या भिंतीवर जाड स्क्रूंची रांग होती. तिसऱ्या टेबलावर फक्त बारीक स्क्रूंची जोडभोकं होती. जुनं भोक एकही नव्हतं, बुजवलेलंही नाही.

तिथे ॲल्युमिनियम कधी लागलंच नव्हतं. जे लागलंच नाही ते चोरणार कोण? घाबरट गौरवला तिने संशयितांतून उठवलं.

उतरता उतरता तिने एक पट्टी सोडवून घेतली. पट्टी आणि पाईप यांच्यामध्ये काळ्या रबराची चिंधी घातलेली होती. सायकलच्या ट्यूबची, कात्रीने नीट कापलेली. सगळ्या पट्ट्यांखाली तशीच. नलिनीने ती खिशात टाकली.

कँटीनमध्ये दुर्गाबाई पोळ्या लाटत होत्या. सुकदेवची चौकशी करताच त्यांचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. त्या माणसाने कधी चपातीचा तुकडा टाकून दिला नाही, म्हणाल्या, तो पाईप कशाला चोरेल. नलिनीने सहज विचारल्यासारखं विचारलं, की टेबल नवीन मांडलं तेव्हा सुकदेव इथेच होता ना?

"छे हो. टेबल मांडलं ते पितृपंधरवड्यात. त्याच्या आईचं पहिलं श्राद्ध होतं, पंधरा दिवस गावाला. घटस्थापनेला परत आला."

"मग लाइन कोणी वाढवली?"

दुर्गाबाईंना ते ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी सगळे आले तेव्हा टेबलावर हवा आलेली होती, आणि आलेल्या हवेची चौकशी कोण करतं?

४

शुक्रवारी नलिनी खानवेलला गेली. झुंबरला आदल्या दिवशी घरी सोडलं होतं. वाटेत साग, मग भाताची कापून झालेली खाचरं, मग विखुरलेली घरं. झुंबरचं घर कुडाचं, पण अंगणात पाण्याचा नळ होता आणि नळापर्यंत आलेला पांढरा पाईप बांबूच्या खांबांवर पट्ट्यांनी बसवलेला.

झुंबर ओटीवर बसला होता, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. बायको चिमाबाई दाराशी उभी. नलिनीने कुठून आले ते सांगताच तीच आधी बोलली.

"त्या सुकदेवाचं तोंड बघायचं नाय मना. दवाखान्यात आलता. मी पाठ फिरवली. भाऊ भाऊ म्हणून जेवला आमच्यात, अन् ह्यांचा डोळा खाल्ला."

नलिनीने ऐकून घेतलं. मग ती नळापाशी गेली, वाकून बघितलं. प्रत्येक पट्टीखाली सायकलच्या ट्यूबची चिंधी होती. नीट कापलेली. ती परत येऊन ओटीवर बसली. पुढचं काम तिला आवडत नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखंही ते नव्हतं.

नळ छान बसवलाय, ती म्हणाली. झुंबरचा उरलेला अर्धा चेहरा खुलला. पाड्यातल्या सगळ्या घरांचे नळ त्याने बसवले होते, सुट्टीच्या दिवशी. पाईप हलू नये, पट्टीने चावू नये म्हणून ट्यूबचं रबर घालायचं ही त्याची स्वतःची युक्ती. नलिनीने खिशातली चिंधी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"ही तुमची का?"

त्याने अंगठ्याने चाचपून पाहिली. "माझीच. माझे सायकलची ट्यूब हाय. कुठं गावली?"

"फुटलेल्या पाईपाच्या पट्टीत."

चिमाबाई पुढे आली, म्हणाली, "कसा होईल? ह्यांचा पाईप तर काढला होता. साहेब सोता सांगून गेले दवाखान्यात. दसऱ्यानंतर तुझा पाईप काढून चांगला लावला, म्हणाले, अन् त्यो सुकदेवानं इकला, अन् दुसरा हलका घातला. मी तितंच उभी होती."

"कोणते साहेब?"

"कर्णिक साहेब."

नलिनीने ते दोनदा म्हणवून घेतलं. मग झुंबरला विचारलं, पाईप लावायला कोणी सांगितलं.

झुंबरने सांगितलं ते असं. सुकदेव गावाला गेलेला, नव्या टेबलावर हवा पाहिजे, माल पाठवायची घाई. साहेबांना माहीत होतं की झुंबर नळाची कामं करतो. रविवारी त्याला एकट्याला बोलावलं. मागे पडलेले पाईप दाखवले. हवेला हा चालंल का, असं त्याने विचारलं होतं. साहेबांनी पाईपावरचा छाप वाचला, त्यावर पाईप किती दाब सोसेल त्याचा आकडा होता, दहा. आपल्या हवेचा दाब सात. दहाचा पाईप सातला का नाय चालणार, म्हणाले, लाव. त्याने लावला. नळाचा फाटा काढतात तसा खालून काढला, पट्टीखाली रबर घातलं, काम नीट केलं.

"पाण्याला दहाच," नलिनी म्हणाली. "हवेला तो आकडा लागू होत नाही. पाणी दाबलं जात नाही. पाईप फुटला की पाणी सांडतं आणि दाब संपतो. हवा दाबून भरलेली असते. पाईप फुटला की ती एका झटक्यात सुटते आणि पाईपाच्या ठिकऱ्या घेऊन उडते. त्यात तो पाईप उन्हात पडलेला, वर पत्र्याची उष्णता, कॉम्प्रेसरचं तेल आतून. ठिसूळ झाला होता."

झुंबर चिंधी बोटांत फिरवत होता. आपल्याच हाताने आपला डोळा गेला, हे त्याच्या ध्यानात येताना नलिनीला दिसत होतं, आणि तिला फार वाईट वाटलं. तिने दुसरीकडे बघितलं नाही, एवढंच ती त्याच्यासाठी करू शकत होती.

"मग सुकदेवानं काय केला?" त्याने शेवटी विचारलं.

"काहीच नाही."

"मग त्यो हो का म्हणतो?"

तेच तर नलिनीलाही अजून कळायचं होतं.

५

शनिवारी दुपारी तन्वीच्या खोलीत चौघं बसले. तन्वी, कर्णिक, नलिनी आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर सुकदेव. टेबलावर तक्रारीचा कागद आणि त्यावर पेन.

नलिनीने पाल्हाळ लावलं नाही. चोरी झालेली नाही, ती म्हणाली. तिसऱ्या टेबलावर ॲल्युमिनियम कधीच नव्हतं. भिंतीत त्याचं एकही भोक नाही. प्लास्टिक पितृपंधरवड्यात लागलं आणि दसऱ्याच्या रंगकामात बाकीच्यांबरोबर निळं झालं. त्या दिवसांत सुकदेव धुळ्याला आईच्या श्राद्धाला होता. शिवाय जो माणूस सगळे फाटे वरून काढतो तो एकच खालून काढत नाही. हा पाईप पाण्याची कामं करणाऱ्याने बसवला, झुंबरने. त्याने स्वतः सांगितलं.

तन्वी उडालीच. सुकदेव खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, झुंबरचं नाव घेऊ नका, मी सही करतो म्हणालो ना. त्याला बसायला सांगावं लागलं.

कर्णिक शांत होते. त्यांनी मान हलवली, म्हणाले, असेलही. मग झुंबरने कोणाला न विचारता केलं म्हणायचं. मला ॲल्युमिनियम लागल्याचं सांगण्यात आलं, मी विश्वास ठेवला. एवढ्या मोठ्या कारखान्यात मॅनेजरने प्रत्येक पाईप खरवडून बघायचा का?

"गुरुवारी तुम्ही म्हणालात, स्वतः उभं राहून लावून घेतलं," नलिनी म्हणाली.

तसं बोलायची पद्धत असते, कर्णिक म्हणाले. आणि डोळा गेलेल्या माणसाने दुसऱ्यावर ढकलणं स्वाभाविक आहे. त्याचा शब्द आणि माझा शब्द.

"त्याचा शब्द राहू द्या. तुमचाच घेऊ," नलिनी म्हणाली. "सोमवारी दुपारी तुम्ही तन्वीताईंना सांगितलंत की टेबल मांडतानाच तिथे ॲल्युमिनियम लागलं. आणि दवाखान्यात झुंबरला सांगितलंत की तुझा पाईप दसऱ्यानंतर काढून ॲल्युमिनियम लावलं. चिमाबाई समोर होत्या. दोन्ही खोटं आहे, भिंत सांगतेय. पण खोट्यापेक्षा मला त्यातले दोन शब्द महत्त्वाचे वाटतात. 'तुझा पाईप.' पाईप झुंबरने लावला हे कारखान्यात एकालाही माहीत नव्हतं. झुंबरने तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं माहीत?"

कर्णिकांनी तन्वीकडे बघितलं, मग कागदाकडे. इस्त्रीचा शर्ट होता तसाच होता, फक्त त्यातला माणूस जरा आत गेल्यासारखा झाला.

"माल अडला होता," ते म्हणाले. "आकडा दहाचा होता. मी इंजिनिअर आहे, मला वाटलं चालेल. कोणालाही वाटलं असतं."

वाटलं असतं, हे नलिनीला मान्य होतं. असली चूक चांगली चांगली माणसं करतात, आणि तेवढीच असती तर तिने कर्णिकांची बाजूही लिहिली असती. पण सुकदेव गावाहून परतल्यावर काय झालं, ते तिने आता त्याला विचारलं.

सुकदेवने सांगितलं, मान खाली घालून. घटस्थापनेला आल्या आल्या त्याने ओळखलं होतं, की हा पाईप प्लास्टिकचा. साहेबांना म्हणाला, हा फुटंल. साहेब म्हणाले दसऱ्यानंतर बदलू, मग म्हणाले दिवाळीनंतर. तोही गप्प बसला. पाईप फुटला त्या दिवशी साहेबांनी त्याला दवाखान्याच्या पायरीवर गाठलं. म्हणाले, झुंबरने स्वतः लावला हे बाहेर आलं तर चूक त्याची ठरेल. नोकरी जाईल, भरपाई बुडेल, एका डोळ्याचा माणूस रस्त्यावर येईल. तू चोरीचं नाव घे, थोडक्यात सुटशील, त्याचं घर वाचेल.

"मला वाटलं, मी तव्हाच हवेचा वाल बंद केला असता तर त्याचा डोळा र्‍हाता," सुकदेव म्हणाला. "म्हणून हो म्हटलं."

तन्वीने कागद उचलला, दोनदा फाडला आणि कर्णिकांना बाहेर थांबायला सांगितलं. पोलिसांना तिने बोलावलंच, पण आता सांगायची हकिगत वेगळी होती.

६

नलिनी निघाली तेव्हा सुकदेव पुन्हा गेटजवळच्या बाकावर बसलेला होता. सुटला तरी हलला नव्हता. ती त्याच्या शेजारी बसली.

"झुंबरनं सांगितलं ना सगळं," तो म्हणाला. "मंग त्याची भरपाई गेली."

"नाही गेली."

त्याला ते कळलं नाही. नलिनीने समजावून सांगितलं. मालकाच्या कामावर, वरिष्ठाने सांगितलं म्हणून केलेल्या कामात इजा झाली; चांगल्या हेतूने केलेल्या चुकीपायी भरपाई बुडत नाही. पहिल्या दिवशीही बुडणार नव्हती. कर्णिकांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांना स्वतःचं नाव वाचवायचं होतं, आणि सुकदेवला माया आहे हेही त्यांना ठाऊक होतं.

रांध्याहून येणारी एक बस गेली, मग एक टेम्पो.

"म्हंजे मी चोर झालो ते कशासाठीच नाही?" तो म्हणाला.

नलिनीने उलट विचारलं, की रोज इथे येऊन का बसत होता? घरी बसवत नव्हतं, म्हणाला. शेजारपाजारच्यांचं काही नाही, कारखान्यातल्या पोरांचंही नाही. पण दवाखान्यात चिमावहिनीने पाठ फिरवली ती डोळ्यांसमोरून जात नव्हती. त्या घरचं त्याने बरंच खाल्लं होतं. आता खरं बाहेर आलं तरी तिकडे जायचं कसं, कोणत्या तोंडाने? पाईप फुटणार हे त्याला माहीत होतं आणि तो झुंबरला बोलला नव्हता, एवढं तर खरंच होतं.

नलिनीने गाडीचं दार उघडलं. कामाच्या बाहेर ती कधी काही करत नसे, आणि ही गोष्ट कामात धरावी की नाही याचा तिने विचार केला नाही. सुकदेव गाडीत बसला. सागाची झाडं लागली तेव्हा, इथंच उतरतो, म्हणाला. नलिनीने गाडी थांबवली नाही.

चिमाबाई अंगणात भांडी घासत होती. गाडीतून उतरलेला माणूस कोण ते बघून उभी राहिली. हाताला राख तशीच. झुंबर ओटीवर होता. सुकदेव अंगणाबाहेरच थांबला. आत या म्हणेपर्यंत हा इथेच उभा राहणार, हे नलिनीला दिसत होतं.

नलिनीने काय झालं ते थोडक्यात सांगितलं. चिमाबाईने सगळं ऐकलं. मग ती सुकदेवच्या समोर येऊन उभी राहिली, इतकी जवळ की तो एक पाऊल मागे सरकला.

"आमच्यासाठी तुरुंगात चालला होतास," ती म्हणाली. "अन् आमालाच इचारला नाय?"

सुकदेवने मान हलवली, हो की नाही ते त्यालाच ठाऊक.

"पाईप फुटणार तुला म्हाईत होता. तव्हा ह्यांना बोलला नाय. मंग खोटं बोललास, तेबी आमाला सांगितला नाय. मी ह्यांच्या उशाशी बसून तुला शिव्या घातल्या. रोज. त्या मी आता कशा परत घेऊ?"

एवढं बोलून तिचा आवाज फुटला आणि ती तोंडावर हात धरून रडायला लागली, राख गालांना लागली तरी. सुकदेवही रडला, उभ्या उभ्या, पाठ वाकवून. ओटीवरून झुंबरने हाक मारली. कोणाला ते स्पष्ट नव्हतं, पण गेला सुकदेव. त्याच्या शेजारी जाऊन बसला, ज्या बाजूने झुंबरला दिसत होतं त्या बाजूला.

नलिनी गाडीत येऊन बसली. अहवालात शेवटची ओळ लिहायची राहिली होती, अपघाताला जबाबदार कोण. तिने कर्णिकांचं नाव लिहिलं. घटस्थापनेनंतर गप्प बसलेल्या सुकदेवचं लिहावं की नाही, यावर ती थोडा वेळ थांबली, आणि मग तेही लिहिलं, कारण ते खरं होतं.